मोटर फिरली तर खोली

बेळगावात भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात ते मला पाठ होतं. गाव कुठलं, माणसं किती, घरात काय शिजतं, आणि जरा घुटमळून, "तुम्ही म्हणजे कोण?" सगळ्याची उत्तरं तयार ठेवून मी येळ्ळूर रस्त्याकडच्या त्या घरी गेले, तर घरमालक आप्पांनी त्यातलं एकही विचारलं नाही. ते पडवीत बसून जळलेल्या पंख्याची तार उसवत होते. मान वर न करता म्हणाले, "साडीला लावायच्या पिना हायत न्हवं घरात?"

"हायत की."

"बॅटरीतला मोठा सेल?"

"त्योबी हाय."

"मग मोटर करून आण. फिरली तर खोली तुझी. आठ दिवस दुसऱ्या कुणाला देत न्हाय."

मोटर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं नदीवर बसवतात तसली आली, दोघांनी उचलायची. मला वाटलं, म्हाताऱ्याला खोली द्यायची नाही, ही वाटेला लावायची तऱ्हा आहे. पण त्यांनी शेजारच्या डब्यातनं एक खेळण्याएवढी वस्तू काढून समोर ठेवली. आडवा सेल. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक पिन उभी, वरनं रबर गुंडाळलेला. सेलच्या पाठीवर लोहचुंबक. आणि दोन पिनांच्या भोकांत टोकं अडकवून ठेवलेलं तांब्याच्या तारेचं बांगडीएवढंही नाही असं कडं. त्याला त्यांनी बोटानं टिचकी मारली आणि ते भिंगरीसारखं फिरायला लागलं.

"बाजारातनं काय आणायचं न्हाय. घरात असंल तेच. तार मी देतो," असं म्हणून जुन्या ट्यूबलाइटच्या चोकमधली दोन हात तार माझ्या हातात दिली आणि परत पंख्याकडं वळले. मी गेले की आहे हेसुद्धा बघितलं नाही.

मला खोलीची निकड होती, नाहीतर कोण असल्या भानगडीत पडतंय. माझे मालक जाऊन चार वर्षं झाली होती, दोन्ही लेकी आपापल्या घरी. जांबोटीतलं घर दिराकडं सोपवून मी उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला लागले होते आणि खानापुरात नणंदेकडं राहून रेल्वेनं ये-जा करत होते. नणंदेच्या सुनेला दिवस गेले होते आणि माझी वळकटी त्या घरात आता सगळ्यांच्या पायात यायला लागली होती.

तर मी बसले मोटर करायला. लोहचुंबक म्हणून नणंदेच्या कपाटाच्या दाराचं काढलं. त्या दिवसापासून ते दार लागत नाही आणि नणंद ते मला आजतागायत ऐकवते. तार लाटण्याच्या टोकाला गुंडाळून कडं केलं, ते झकास झालं. तारेवर वार्निशचा थर असतो, टोकांवरचा तेवढा खरवडायचा असं आप्पा बोलता बोलता म्हणाले होते. आता खरवडायचं म्हटल्यावर जांबोटीच्या बाईला कुणी शिकवायला पाहिजे काय? विळीच्या पात्यानं खरवडलं, वर राख घेऊन काथ्यानं घासलं, दोन्ही टोकं समईसारखी लखलखीत केली. आठव्या दिवशी आप्पांच्या समोर पिनांत ठेवली, तर कडं जरा इकडं झुकलं, जरा तिकडं झुकलं आणि पाळण्यासारखं नुसतं डुलत राहिलं.

आप्पांनी टोकं डोळ्याजवळ धरून बघितली. "लई स्वच्छता केलीस."

"स्वच्छता केली तर बिघडलं काय?"

"भांड्याचं न्हाय बिघडत, हिचं बिघडतंय. एक टोक सगळं खरवड. दुसऱ्याचं वरचं अंग तेवढं खरवड, खालच्या अंगाला हात लावू नको. अर्धा फेरा करंटनं ढकलायचं, उरलेला अर्धा तिनं आपल्या जोरावर जायचं. सगळीकडनं ढकललीस तर ती जाणार कुठं? जागच्या जागी मागंफुडं करत बसती."

मग तिथंच पडवीत बसून, त्यांच्याकडनं नवी तार घेऊन, मी परत सगळं केलं. कडं पिनांतनं पडायचं, मी उचलायची, परत पडायचं. शेवटी एकदाचं ते फिरलं. मी पन्नाशीची बाई, सातवी शिकलेली, विजेच्या बटणालासुद्धा कोरड्या हातानं आणि देवाचं नाव घेऊन हात लावणारी. ती एवढीशी तार माझ्या हातची फिरताना बघून मी दोन मिनिटं काही बोललेच नाही. ज्यांनी मला बोलताना ऐकलंय त्यांना कळेल ही केवढी गोष्ट आहे.

ही मोटरची रीत मुळात आप्पांच्या बायकोची. त्या मी यायच्या आधीच गेल्या, पण ती गोष्ट आप्पा प्रत्येक भाडेकरूला सांगत. "आधी मीबी सगळ्यांसारखं गाव, जात विचारूनच ठेवत होतो. चार भाडेकरू ठेवलो, चारीबी भांडून गेले. ती म्हणाली, तुमाला माणसातलं काय कळत न्हाय, मोटारीतलं तेवढं कळतंय, तर मग त्यातनंच बघा की." बाईनं मारलेला टोमणा तो. आप्पांनी टोमणा म्हणून घेतलाच नाही, सल्ला म्हणून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून अंमलात आणला.

मी एकदा विचारलं, "पण मोटर फिरली म्हणून माणूस चांगला कशावरनं?"

"मोटरचं काय, ती कवाबी फिरती," आप्पा म्हणाले. "पडलेली तार कितव्यांदा उचलताना माणूस चिडतोय, तेवढं मी बघतो."

बँकेतला एक माणूस आला होता. त्यानं मोबाईलवरनं मागवलेली तयार मोटर आणली, लाकडी पाटावर बसवलेली, लाल-निळ्या वायरी. आप्पांना ती फार आवडली. त्याला चहा पाजला, अर्धी दुपार ती फिरवून बघितली आणि परत डब्यात घालून त्याच्या हातात दिली. "मोटर झ्याक हाय. ही जिथनं आली तिथंच खोलीबी बघा."

आयुष्यभर त्यांनी मोटर वायंडिंगचं काम केलं होतं. जळलेल्या मोटारीतली तार काढून नवी भरायची, वेढे मोजून. मोजताना कुणी बोललं तर आकडा चुकतो, म्हणून ते एक बोट वर करत आणि ते बोट खाली येईपर्यंत जग थांबायचं. त्यांच्या लेकीला बघायला निपाणीची मंडळी आली तेव्हाही आप्पा एका पंपाचे वेढे मोजत होते. पाहुण्यांना बोट दाखवून पाऊण तास बसवलं. पाहुण्यांनी तेवढ्यात पोहे खाऊन, मुलीशी बोलून, लग्न ठरवून टाकलं.

गल्लीतल्या कुठल्या घरात कुठली मोटर चाललीय ते त्यांना पडवीत बसून ओळखू यायचं. सकाळी परसातल्या भिंतीवरनं शेजारणीला सांगायचे, "वयनी, मिक्सरचं बुश गेलंय तुमच्या. आज चटणी वाटू नका." शेजारीण वाटायचीच. दुपारी मिक्सर घेऊन यायची. आप्पा एक शब्द न बोलता दुरुस्त करायचे, आणि त्यांचं ते न बोलणं तिला जास्त लागायचं.

नावं मात्र त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, की ठेवायचीच नव्हती कोण जाणे. माणसाला ते गावाच्या नावानं ओळखत. मी जांबोटी. शेजारच्या खोलीतला लाईनमन गोकाककडचा, म्हणून तो गोकाक. पोटची लेक, तीही लग्न होऊन गेल्यापासून निपाणी.

हा गोकाक म्हणजे वीज खात्यातला माणूस, उंच खांबावर चढून मोठ्या लाईनीवर काम करणारा. खोली मागायला आला तेव्हा त्याला वाटलं, पिना-सेलची मोटर म्हणजे पोरखेळ. तीन वेळा हरला. तिसऱ्या वेळी त्यानं गुपचूप मोबाईलचा चार्जर जोडला. आप्पांनी येऊन चार्जरची पिन काढून ठेवली.

"आगल्ला अज्जा," गोकाक घाम पुसत म्हणाला. म्हणजे जमत नाही आजोबा. "येवढ्याशा करंटचं काम मी कधी केलो न्हाई."

"मोठ्या करंटला अक्कल लागत न्हाय रं," आप्पा म्हणाले. "ह्याला लागती."

मग मी त्याला माझं लाटणं दिलं आणि चौथ्या वेळी त्याची मोटर फिरली. लाटणं त्यानं अजून परत केलेलं नाही.

असं आमचं काही वर्षं चाललं होतं. मग एका श्रावणात आप्पा पडले.

सकाळी दहाच्या सुमाराला, न्हाणीत, शेवाळावरनं पाय घसरून. मी कामावर होते. गोकाक रात्रपाळी करून आपल्या खोलीत झोपला होता, न्हाणीच्या आणि त्याच्या मधे एक भिंत. मी चारला परत आले तर नळ वाहतोय आणि पडवीत कुणी नाही. न्हाणीच्या दारातनं डोकावले तर आप्पा जमिनीवर, भिंतीला पाठ लावून, धोतर भिजून चिंब.

"आलीस व्हय?" ते म्हणाले. "सावकाश ये. घाई न्हाय. नळ तेवढा बंद कर."

"सहा तास झाले आप्पा. हाक मारायची न्हाय?"

"पोरगं रातभर खांबावर हुतं. कशाला उठवायचं?"

हाड मोडलं नव्हतं, मनगट मुरगळलं होतं. पण त्यांचा उजवा हात वर्षभरापासून कापत होता, तो आता जास्तच कापायला लागला. चहाचा कप बशीवर वाजायचा. आप्पा तो आवाजसुद्धा कान देऊन ऐकायचे, जणू दुसऱ्या कुणाच्या मोटारीचा आहे.

बातमी लागली तशी निपाणी आली. ही बाई शाळेत शिकवते आणि बापासारखीच, बोलली की बोलली. तिनं घर बघितलं, न्हाणी बघितली, बशीवर वाजणारा कप बघितला.

"आप्पा, चला माझ्याकडं. एकट्यानं राहायचं दिवस संपले आता."

"मी एकटा कुठाय? ही हाय, त्यो हाय."

"ती कामाला जाती आणि त्यो झोपतोय."

"हे घर सोडून मी जगत न्हाय गं, निपाणी."

हे ते एवढ्या साध्या आवाजात म्हणाले की मी आत जाऊन उगाच भांडी आवरायला लागले. ती जराशानं म्हणाली, "बरं. मग तुमचाच नियम. ह्या घरात राहायचं तर मोटर करून दाखवायची. येत्या रविवारी मी येते. फिरली तर मी परत विषय काढणार न्हाय. न्हाय फिरली तर माझ्यासंगं निपाणीला."

आप्पांना नाही म्हणता येईना. स्वतःचाच नियम तो.

त्या आठवड्यात त्यांना तार खरवडताना मी बघितलं. पातं वरच्या अंगाला लावायचे आणि हात कापून ते खालच्या अंगापर्यंत फिरायचं. तार वाया. दुसरी घ्यायची, तीही वाया. शुक्रवारी मला राहवलं नाही. कँटीनमध्ये दुपारची भांडी झाल्यावर मी एक कडं केलं, अगदी आप्पांच्या हातचं वाटेल असं, टोकं मोजून-मापून खरवडलेली. शनिवारी ते देवळात गेलेले बघून त्यांच्या डब्यात ठेवलं आणि त्यांचं बिघडलेलं काढून घेतलं. केलं ते चूक केलं, पण परत वेळ आली तर परत करीन.

रविवारी निपाणी सकाळीच आली. पडवीत सतरंजी टाकली. आप्पांनी सेल ठेवला, पिना लावल्या, रबर गुंडाळला. एवढं जमलं. मग डब्यातनं कडं काढलं आणि थांबले. अंगठ्याच्या नखानं वेढे मोजले. मग माझ्याकडं बघितलं.

"अकरा हायत," ते म्हणाले. "मी धाच घालतो."

काय सांगू. शुभ काम म्हटल्यावर माझ्या हातनं वरचा एक सुटतच नाही. पाकिटात दहा कधी घातलेत का कुणी?

"आहेर केलीस काय मला?" आप्पा म्हणाले.

मी खाली बघितलं. लेक एकदा माझ्याकडं, एकदा बापाकडं बघायला लागली. आप्पांनी ते कडं दोन्ही हातांनी धरून, दोनदा पाडून, कसंबसं पिनांत बसवलं. टिचकी मारली. काय फिरलं म्हणता, आवाजसुद्धा नाही.

"फिरली," ते म्हणाले. "ही हिची मोटर. हिची खोली पक्की. आता माझी."

आणि माझं कडं काढून ठेवून त्यांनी नवी तार घेतली.

त्यानंतर दीड-एक तास आम्ही दोघी तिथं बसलो होतो. वेढे एकावर एक चढले, कड्याचं चिमणीचं घरटं झालं. टोकं एकीकडं जास्त सोलली, एकीकडं सोललीच नाहीत. पिनेजवळ हात नेला की तो कापायचा आणि कडं सतरंजीवर. उचलायचं, परत ठेवायचं, परत सतरंजीवर. किती वेळा ते मी मोजलं नाही. आप्पा एकदाही चिडले नाहीत. मधेच एकदा लेक म्हणाली, "राहू दे आप्पा," तर त्यांनी एक बोट वर केलं. ते बोटही कापत होतं. 

शेवटी कडं पिनांत बसलं. त्यांनी टिचकी मारली. ते एकदा वळलं आणि थांबलं. परत मारली, परत थांबलं.

"न्हाय झाली," आप्पा म्हणाले. सेल काढून डब्यात ठेवला, पिना मिटवून ठेवल्या. "माझी पिशवी कुठाय गं, जांबोटी?"

मी काही जागची हलले नाही. मग तेच उठले, खुंटीवरची पिशवी काढली, आणि लेकीसमोर येऊन उभे राहिले, त्यांच्यासमोर खोली बघायला आलेली माणसं उभी राहायची तसे.

"तुझ्या घरात राहायचं तर काय करून दाखवायचं?"

"तिथं काय करायचं न्हाय, आप्पा."

"असं कसं? कायतरी असंलच की."

तिनं न्हाणीच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाली, "हाक मारून दाखवा."

"कसली हाक?"

"सहा तास न्हाणीत पडून हुता. भिंतीपलीकडं माणूस हुता. एक हाक मारला न्हाईसा. हात कापतोय त्याचं मला काय वाटत न्हाय. मला भ्या तेवढंच हाय."

"आत्ता? काम नसताना?"

"व्हय. आत्ता."

आप्पांनी टोपी नीट केली. घसा साफ केला. "गोकाक," ते म्हणाले. जेवताना मीठ मागावं तसं.

"हे मलाच नीट ऐकू आलं न्हाय. त्यो दार लावून झोपलाय."

"गोकाक." जरा वर.

"आप्पा, तुम्ही न्हाणीत पडलाय."

मग त्यांनी काय केलं कोण जाणे, डोळे मिटले आणि हाक घातली. इतक्या वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. "गोकाऽऽक. जांबोटीऽऽ." मी हातभर अंतरावर होते, तरी "ओ" म्हणून उठून उभी राहिले. पलीकडं धाडकन दार उघडलं. गोकाक लुंगी सावरत, एका पायात चप्पल, हातात लाकडी फळी घेऊन धावत आला. कुणाला तरी करंट लागला, आता सोडवायचा, असं झोपेतच ठरवून. परसातल्या भिंतीवरनं शेजारणीचं डोकं वर आलं, चटणीचा हात तसाच. "कोण पडलं? आप्पा पडले काय?"

"कोण पडलं न्हाय," आप्पा म्हणाले. फार शरमले होते. "जावा, झोपा."

पण कुणी जाईना. गोकाक फळी धरून तसाच उभा. "येन आयतु अज्जा? काय झालं?" करत आप्पांचे हात-पाय चाचपायला लागला.

निपाणी त्या फळीकडं बघत होती. मग तिनं बापाच्या खांद्यावरची पिशवी काढून खुंटीला अडकवली.

"रोज एकदा," ती म्हणाली. "काम असू दे, नसू दे. ज्या दिवशी हाक आली न्हाय, त्या दिवशी ही जांबोटीची आक्का मला फोन करंल आणि मी गाडी घेऊन येईन."

"पण मोटर झाली न्हाय," आप्पा म्हणाले. "नियम हाय."

"त्यो नियम आईचा हुता. आता माझा."

न्हाणीत गोकाकनं त्याच दुपारी धरायला दांडा बसवला आणि मी शेवाळ घासून काढलं. ह्या वेळी स्वच्छतेला कुणी नावं ठेवली नाहीत. साडेचारला निपाणी जायला निघाली. गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल, तर आप्पांनी पडवीतनं हाक घातली, "निपाणीऽऽ." ती धावत परत आली.

"काय झालं?"

"काय न्हाय. घातलो."

ती हसली आणि गेली. वळणावर पोचते तोवर परत. ह्या वेळी छत्री विसरली म्हणून, आणि छत्री तिच्या हातात होती. तिसऱ्या हाकेला ती परत आली ती चप्पल काढूनच पायरीवर बसली. गोकाकनं मोबाईल बघितला आणि म्हणाला, निपाणीची गाडी आता स्टँडवरनं सुटली.

"सुटली काय?" आप्पा म्हणाले. "मग तांदूळ जरा जास्ती टाक गं, जांबोटीऽऽ."

मी त्यांच्या पाठीशीच उभी होते.